लुकलुक आणि नोंदवही

ध्रुवप्रदेशाच्या आकाशात रात्री उमटणारी हिरवी कमान फुटण्याच्या बेतात आली की तिच्या पोटात काही सेकंद एक बारीक लुकलुक चालते. जेमतेम काही किलोमीटर रुंदीचे ठिपके सेकंदाला पाच ते पंधरा वेळा उजळतात आणि मंदावतात. मग कमान फुटते, रंग आकाशभर धावतात आणि पाहणाऱ्याच्या लक्षात राहतो तो हा नंतरचा कल्लोळ. मध्यरात्र उलटून सगळे निवल्यासारखे वाटत असताना दुसरा एक प्रकार दिसतो: ढगांच्या तुकड्यांसारखे फिकट पट्टे, काही दहा तर काही शंभर किलोमीटर रुंदीचे, काही सेकंदांच्या अंतराने पेटतात आणि विझतात. प्रकाश उमटतो तो शंभरएक किलोमीटर उंचीवरच्या हवेत. पण या दोन्ही हालचालींचे कारण त्या हवेत नाही. पहिलीचे सूत्र काही हजार किलोमीटर वर आणि दुसरीचे सुमारे तीस हजार किलोमीटर वर, भारित कणांच्या विरळ प्लाझ्मात उठणाऱ्या लहरींच्या हाती आहे. एवढे कळायला तीन शतके लागली. बुद्धिमान माणसांचा त्या तीन शतकांत कधीच तुटवडा नव्हता. विलंबाची कारणे पाहू गेले तर एकच खोड पुन्हापुन्हा आढळते: प्रत्येक पिढीने आपल्या उपकरणाची मर्यादा हीच निसर्गाची मर्यादा मानली, आणि त्या मर्यादेपलीकडचे जे काही उरले त्याला योगायोग, अपवाद किंवा खरखर ठरवून बाजूला सारले.

सुरुवात 1716 च्या मार्चपासून करणे सोयीचे, कारण त्याआधीची सत्तर वर्षे सूर्य विलक्षण निपचित होता. सौरडाग क्वचित दिसत, ध्रुवीय प्रकाशही युरोपच्या मध्य भागात दुर्मीळ झाला होता. साठीला टेकलेल्या एडमंड हॅलेंनी तोवर तो एकदाही पाहिलेला नव्हता. लंडनच्या आकाशात तो उगवला तेव्हा लोकांना त्यात लढणारी सैन्ये दिसली. हॅलेंना दिसले ते असे की, प्रकाशाचे किरण पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेला धरून उभे आहेत. त्यांनी मांडलेला चुंबकीय द्रव्याचा सिद्धान्त टिकला नाही, पण किरणांच्या दिशेचे निरीक्षण टिकले. पुढे उप्साला येथे आंदेर्स सेल्सियस आणि त्यांचे मेहुणे ओलोफ हिओर्टर यांनी होकायंत्राच्या सुईची हजारो वाचने घेतली. 1741 च्या एप्रिलमध्ये ज्या दिवशी स्वीडनमध्ये सुई बिथरली त्याच दिवशी लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहम यांचीही सुई बिथरल्याचे पत्रव्यवहारातून उघड झाले. आकाशातला प्रकाश आणि टेबलावरची सुई यांचे नाते एखाद्या थोर सिद्धान्ताने जोडलेले नाही. रात्री-अपरात्री उठून आकडे लिहिणाऱ्या माणसांनी ते जोडले आहे.

हीच गोष्ट पुढल्या शतकात आपल्या दाराशी घडली. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचे रेखाटन करीत असताना सूर्यबिंबावर काही मिनिटे पांढरे तेज लकाकले. एक दिवस पुरता लोटण्याच्या आत पृथ्वीवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक आदळले. तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या, विषुववृत्ताच्या दिशेने फार खालपर्यंत लाल प्रकाश दिसला. लंडनजवळच्या क्यू आणि ग्रिनिच या वेधशाळांत त्या काळची अद्ययावत सोय होती: सुईवरच्या आरशातून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या छायाचित्र-कागदावर आपोआप रेघ ओढत असे. वादळाच्या भरात तो ठिपका कागदाच्या बाहेर गेला आणि जिथे नोंद सर्वांत मोलाची तिथे रेघ तुटली. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत मात्र वाचने डोळ्यांनी घेतली जात. नेहमी तासाला एक. सुई अस्वस्थ झाली की दर पंधरा मिनिटांनी, कधी पाच मिनिटांनी. 2 सप्टेंबरच्या त्या सकाळी कोणी निरीक्षक सुई वाचण्याच्या दुर्बिणीला डोळा लावून बसला, पट्टीवरचे अंक वाचत गेला आणि वहीत लिहीत गेला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळल्याचे त्या अंकांवरून निघते. हा मुंबईतल्या एकूण मूल्याचा जवळजवळ चार टक्के भाग होता. एरवी शंभर नॅनोटेस्लांची घटसुद्धा दखलपात्र वादळ समजले जाते.

ते आकडे छापले गेले, ग्रंथालयांत गेले आणि तिथेच राहिले. 4 फेब्रुवारी 1872 ला मुंबईहूनही ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे वृत्त नोंदले गेले, त्याचेही पुढे कुतूहलापलीकडे काही झाले नाही. कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय आर्देशीर मूस यांनी 1846 ते 1905 या साठ वर्षांची चुंबकीय सामग्री 1910 साली दोन जाडजूड खंडांत संगतवार मांडली. त्याआधीच, मुंबईत विजेच्या ट्राम धावणार हे स्पष्ट झाल्यावर त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडतील म्हणून 1904 मध्ये अलिबागला नवे केंद्र उभारले गेले, आणि दोन्ही ठिकाणच्या वाचनांचा सांधा जुळावा म्हणून 1906 पर्यंत कुलाबा व अलिबाग जोडीने चालू ठेवली गेली. सरकारी कामात असा विवेक आज किती दिसतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. कुलाब्याच्या 1859 च्या वाचनांवरून त्या वादळाची ताकद आधुनिक पद्धतीने काढली गेली ती 2003 साली. त्या संशोधनात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते. वहीने एकशे चव्वेचाळीस वर्षे वाट पाहिली. आज विमा कंपन्यांपासून वीजमंडळांपर्यंत जे कोणी महावादळाच्या धोक्याचा हिशेब मांडतात, त्यांच्या हिशेबात कुलाब्याचा तो आकडा असतो.

पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्वत्तेचा कल उलट दिशेला होता. नोव्हेंबर 1892 मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून लॉर्ड केल्विन यांनी सूर्य आणि चुंबकीय वादळे यांचा संबंध हा निव्वळ योगायोग असल्याचा निर्वाळा दिला. आधाराला गणित होते: 25 जून 1885 च्या एका मध्यम वादळातल्या आठ तासांसाठी सूर्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी ऊर्जा खर्चावी लागली असती. आकडेमोडीत चूक नव्हती. चूक गृहीतात होती. सूर्याचा प्रभाव सर्व दिशांना सारखा, रिकाम्या जागेतून पसरतो असे केल्विन धरून चालले होते. 1904 मध्ये एडवर्ड माँडर यांनी वादळांच्या जुन्या तारखा मांडून दाखवले की ती सत्तावीस दिवसांच्या, म्हणजे सूर्याच्या एका फेऱ्याच्या, अंतराने परततात, तेव्हा सूर्यातून निघणारे काही तरी अरुंद झोतांनी येत असले पाहिजे. दिग्गजाचा युक्तिवाद खोडून काढायला नवे उपकरण लागले नाही. दशकानुदशकांची यादी पुरली.

त्याच सुमारास नॉर्वेचे क्रिस्टियान बिर्केलान उत्तर टोकावरच्या हाल्दे शिखरावर हिवाळे काढत होते, आणि प्रयोगशाळेत निर्वात पेटीतल्या चुंबकीय गोलकावर कॅथोड किरण सोडून कृत्रिम ध्रुवीय प्रकाश पाडत होते. वादळाच्या वेळी विजेचे प्रचंड प्रवाह अवकाशातून चुंबकीय बलरेषांवरून खाली उतरतात आणि परत वर जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. 1917 मध्ये ते टोकियोत वारले, आणि त्यांच्या पाठोपाठ तो विचारही जवळजवळ गेला. ब्रिटिश गणिती सिडनी चॅपमन यांनी सगळे प्रवाह वातावरणाच्या वरच्या थरातच, आडवे फिरत असल्याची सुबक मांडणी केली, आणि पुढची चार दशके तीच प्रमाण राहिली. यातली मेख अशी की केवळ जमिनीवरच्या सुयांच्या आधारे या दोन मतांत निवाडा करताच येत नाही. दोन्ही व्यवस्था खाली सारखीच वाचने देऊ शकतात. ज्या प्रश्नाचा निकाल पुराव्याने लागणे शक्य नव्हते तो प्रतिष्ठेने लावला गेला. 1942 मध्ये स्वीडनच्या हानेस आल्फव्हेन यांनी चुंबकीय क्षेत्रात गुंतलेल्या वाहक द्रवातून एका नव्या प्रकारच्या लहरी जाऊ शकतात असे दाखवले, तेव्हा त्यांच्याही वाट्याला अविश्वासच आला. शिकागोच्या व्याख्यानात एन्रिको फर्मी यांनी मान डोलावली आणि मग इतरांनीही डोलावली, अशी आठवण आल्फव्हेन पुढे सांगत.

साठच्या दशकात उपग्रह वर गेले. 1966 साली एका अमेरिकी उपग्रहाच्या चुंबकमापकात ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावरून जाताना आडवे झटके आढळल्याचे प्रसिद्ध झाले. संशोधकांनी ते प्रथम आल्फव्हेन यांच्या लहरींच्या खाती टाकले. वर्षभरात दुसऱ्यांनी दाखवले की हे बिर्केलान यांचेच उतरते-चढते प्रवाह आहेत. ज्या लहरींवर वीस वर्षांपूर्वी कोणी विश्वास ठेवत नव्हते त्या आता इतक्या रूढ झाल्या होत्या की त्यांच्यामुळे समोरचा प्रवाह ओळखता आला नाही. नव्या सत्यानेही झापड येते, हे केल्विन यांच्या उदाहरणापेक्षा या छोट्या प्रसंगातून जास्त शिकण्यासारखे आहे. नॉर्वेने पुढे बिर्केलान यांचे चित्र दोनशे क्रोनरच्या नोटेवर छापले. हयातीत त्यांना मिळालेल्या उपेक्षेची ही भरपाई म्हणायची की नाही, कोण जाणे.

आतापर्यंतचा इतिहास सुयांचा आणि डोळ्यांचा. लुकलुकीच्या कारणापर्यंत नेणारी एक वाट मात्र कानांतून गेली. 1886 मध्ये ऑस्ट्रियातल्या एका लांबलचक टेलिफोनच्या तारेवर शिट्ट्यांसारखे आवाज ऐकू आले. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकणाऱ्या जर्मन बाजूच्या हाइनरिश बार्कहाउझेन यांना तेच आवाज भेटले: उंच पट्टीत सुरू होऊन खाली घसरत जाणारी शीळ, तोफगोळा अंगावरून जावा तशी. युद्धात तो व्यत्यय होता. गुप्त संभाषण ऐकू देत नाही म्हणून त्रासदायक. बार्कहाउझेन यांनी तो विसरून न जाता 1919 मध्ये लिहून काढला. 1953 साली केंब्रिजच्या ओवेन स्टोरी यांनी उलगडा केला की या विजेच्या लखलखाटातून निघालेल्या रेडिओलहरी असून त्या बलरेषेवरून हजारो किलोमीटर वर जाऊन दुसऱ्या गोलार्धात उतरतात, आणि वाटेतल्या प्लाझ्मात उंच सूर आधी, खालचे सूर मागून पोहोचल्याने शीळ घसरते. याचा अर्थ, पृथ्वीभोवतीचे अवकाश रिकामे नाही. शिवाय या शिट्ट्या ऐकणाऱ्या ग्राहकयंत्रांत पहाटेच्या सुमारास आणखी एक आवाज येई, झाडीत पक्ष्यांचा गलबला व्हावा तसे चढत जाणारे असंख्य तुटक सूर. त्याला 'कोरस' म्हणू लागले. विजेशी त्याचा संबंध नव्हता. तो तिथल्याच इलेक्ट्रॉनांनी उठवलेला होता, पण ते समजायला आणखी वेळ जायचा होता.

डोळ्यांची वाट तोवर एका साध्या अडचणीपाशी थबकली होती. ध्रुवीय प्रकाश मंद. त्याचे छायाचित्र घ्यायचे तर काच कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागे. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात ध्रुवप्रदेशात सर्व-आकाश कॅमेऱ्यांचे जाळे पसरले, त्यांच्या चित्रांवरून शुनइची अकासोफू यांनी 1964 मध्ये ध्रुवीय वादळाच्या एकेका आवर्तनाचा सुंदर आराखडा काढला, पण सेकंदाला दहा वेळा होणारी हालचाल त्या चाळणीतून गळून जाणे अटळ होते. हिरव्या रंगाची आणखीच एक गंमत आहे. प्राणवायूचा उत्तेजित अणू हिरवा प्रकाश टाकायला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ घेतो. म्हणजे वरून येणारा इलेक्ट्रॉनांचा मारा कितीही झपाझप थरथरला तरी हिरव्या झळाळीत त्या थरथरीचा पुसट ठसाच उमटतो. नत्राचा निळा किंवा तांबडा प्रकाश मात्र तत्क्षणी पडतो. म्हणून लुकलुक नीट पाहायची तर डोळ्यांना सर्वांत मोहवणारा रंग गाळून टाकावा लागतो. 1967 मध्ये एका अग्निबाणावरच्या उपकरणाने खाली येणाऱ्या इलेक्ट्रॉनांत सेकंदाला दहाचा ठोका पकडला. 1968 मध्ये अलास्का विद्यापीठाच्या मंडळींनी मंद प्रकाशालाही दाद देणाऱ्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्याने तोच ठोका तेजस्वी कमानींच्या आत आकाशात पाहिला. तो ठोका त्याआधीही हजारो वर्षे पडतच होता.

दहाच का, याचे उत्तर 1986 साली संशोधक टेमरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले. चुंबकीय क्षेत्रात आयन गिरक्या घेतो. त्याचा गिरकीचा वेग क्षेत्राच्या बळावर आणि आयनाच्या वजनावर ठरतो. प्राणवायूच्या आयनासाठी, काही हजार किलोमीटर उंचीवरच्या क्षेत्रात, हा हिशेब सेकंदाला दहाच्या घरात येतो. नेमक्या त्याच पट्ट्यात कमानीचे इलेक्ट्रॉन वेग घेत असतात. तिथे उठणाऱ्या आयन-सायक्लोट्रॉन लहरींचे विद्युत क्षेत्र या इलेक्ट्रॉनांना क्षणात पुढे ढकलते, क्षणात मागे खेचते, आणि खालच्या हवेवर मारा हप्त्याहप्त्याने पडतो. दोन लहरी एकमेकींत मिसळल्या तर ठिपके सरकतात, फिरतात. हायड्रोजनचा आयन सोळापट हलका, तेव्हा त्याची लुकलुक तितकीच जलद असायला हवी. ती दिसत नव्हती याचे कारण कॅमेरे तितके चपळ नव्हते. 2017 मध्ये जपानी संशोधकांनी अलास्कातल्या पोकर फ्लॅट येथे सेकंदाला 160 चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यातून सेकंदाला पन्नास ते ऐंशी वेळा होणारी लुकलुक दाखवून दिली. माणसाच्या डोळ्याला ती अखंड प्रकाश वाटावी इतकी ती जलद आहे.

दुसऱ्या प्रकारचा, मध्यरात्रीनंतरच्या पट्ट्यांचा, निकाल लागायला कानाची आणि डोळ्याची वाट एकत्र यावी लागली. 2010 मध्ये एका अमेरिकी उपग्रहाच्या जागेवर कोरसची तीव्रता जशी वरखाली होते तसाच त्याच बलरेषेच्या पायथ्याशी प्रकाश वरखाली होतो, असे आढळले. तरी मधली कडी राहिली होती: लहरीने ढकललेले इलेक्ट्रॉन खरोखर हवेकडे निघाले का? तिथे बलरेषेच्या दिशेभोवतीच्या अवघ्या काही अंशांच्या शंकूत शिरलेलेच इलेक्ट्रॉन खाली उतरतात, बाकीचे परततात. एवढा अरुंद शंकू जुन्या उपकरणांना वेगळा पाहता येत नव्हता. डिसेंबर 2016 मध्ये सोडलेल्या जपानच्या 'अरासे' उपग्रहाला तो पाहता आला, आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कोरस, शंकूतले इलेक्ट्रॉन आणि कॅनडातल्या कॅमेऱ्यातला प्रकाश हे तिन्ही एका तालावर हलताना दाखवता आले. 2021 मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत आल्फव्हेन लहरींनी इलेक्ट्रॉनांना वेग दिल्याचे मोजले गेले; बिर्केलान यांच्या पेटीची ही शंभर वर्षांनंतरची नात म्हणावी लागेल.

हे सगळे सुंदर आहे, आणि निरुपयोगी मुळीच नाही. कोरस लहरी ज्या हाताने मंद इलेक्ट्रॉन हवेत ओततात त्याच हाताने काहींना प्रकाशाच्या वेगाजवळ नेतात, आणि उपग्रहांच्या परिपथांना ते जाळू शकतात. 13 मार्च 1989 ला क्वेबेकचे वीजजाळे दीड मिनिटात कोसळून साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले, तेव्हा बलरेषांवरून उतरणाऱ्या प्रवाहांचा विषय नोटेवरच्या चित्रापुरता उरला नव्हता. मे 2024 च्या वादळात लडाखच्या हानले वेधशाळेवरून क्षितिजाशी लाल झळाळी टिपली गेली, आणि जगभर कोट्यवधी हातांतल्या फोनांनी ध्रुवीय प्रकाश पकडला. फोनचा रात्रीचा कॅमेरा मात्र काही सेकंदांची बेरीज करून एक चित्र देतो. 1957 च्या काचेने जे गाळले तेच तोही गाळतो, फक्त रंग अधिक गडद करून देतो. इतक्या चित्रांतून रंगांचा आणि व्याप्तीचा अभ्यास झाला, होतो आहे. लुकलुकीच्या दृष्टीने ती बव्हंशी कोरी आहेत.

चिंता मात्र फोनांची नसून वेगळीच आहे. आज उपग्रहावरचे लहरग्राहक सेकंदाला हजारो वाचने घेतात आणि ती सगळी पृथ्वीवर पाठवण्याइतकी क्षमता कोणत्याच दूरसंपर्कात नसते. म्हणून निवड होते. सरासरी खाली येते, थोडे तुकडे पूर्ण तपशिलासह येतात आणि उरलेले यानावरच पुसले जातात. तुकडे निवडण्याचा निकष अर्थातच आज काय महत्त्वाचे वाटते हा असतो. कधी माणूस निवडतो, कधी आज्ञावली. केल्विन यांच्या हाती अशी निवड असती तर त्यांनी सौरडागांच्या तारखा ठेवल्या असत्या का? 1916 च्या छावणीत शिट्ट्या गाळणारी यंत्रणा असती तर बार्कहाउझेन यांना ती आनंदाने मिळाली असती. कुलाब्याची वही आपल्याला उपयोगी पडली ती लिहिणाऱ्याला तिचा उपयोग माहीत होता म्हणून नव्हे. त्याला सर्व काही लिहिण्याचा हुकूम होता आणि खोडण्याची मुभा नव्हती म्हणून. मोहिमा आखणाऱ्यांनी पाठवायच्या सामग्रीतला एक ठरावीक वाटा कोणताही निकष न लावता, केवळ घड्याळाच्या काट्यावर उचललेल्या कच्च्या नोंदींसाठी राखून ठेवायला काय हरकत आहे? खर्च येईल, आणि दर अर्थसंकल्पाला त्याचे समर्थन करताना अधिकाऱ्याची पंचाईत होईल, कारण त्या नोंदींतून काय निघणार हे त्याला सांगता येणार नाही. जमिनीवरच्या केंद्रांचेही तसेच: ध्रुवप्रदेशातले जलद कॅमेरे आणि अलिबागसारखी शतकभर न थांबलेली केंद्रे बातमीत येत नाहीत, आणि कपात करायची वेळ आली की प्रथम त्यांच्याकडे बोट जाते. ट्रामच्या काळात दोन वर्षे जोडीने वाचने घेण्यासाठी जो पैसा सरकारने मंजूर केला, त्याची टिपणी लिहिणाऱ्या कारकुनाला 2003 सालाची कल्पना असण्याचे काही कारण नव्हते. तरी ती मंजुरी मिळाली होती.